बातमी वाचायला शिकवायची तर आधी ती करायला लावा

खोटी बातमी कशी ओळखावी याचे तक्ते वर्गाच्या भिंतीवर लावून फारसे साधत नाही. मुले तक्ता पाठ करतात आणि संध्याकाळी घरच्या ग्रुपवर आलेला संदेश तसाच पुढे ढकलतात. पण ज्या मुलाने एकदा स्वतः दीडशे शब्दांची बातमी लिहिली, तिच्या प्रत्येक वाक्यासाठी ‘हे तुला कसे कळले?’ या प्रश्नाला उत्तर दिले आणि चूक निघाल्यावर आपल्या नावाने दुरुस्ती लावली, ते मूल दुसऱ्याची बातमी वेगळ्या नजरेने वाचते. पुढचा सगळा क्रम या एका प्रश्नाभोवती बांधला आहे.

हा क्रम आठवी ते दहावीच्या वर्गासाठी आहे, आणि त्याच्या शेवटी मुलांनी लिहिलेल्या बातम्यांचे भित्तिपत्रक, म्हणजे शाळेच्या भिंतीवर लावायचे वर्तमानपत्र, तयार होते. चाळीस मिनिटांच्या दहा तासिका आणि मध्ये एक रविवार एवढा वेळ पुरतो. आठवड्याला एकच तासिका मिळत असेल तर ते उलट बरे, कारण मधल्या दिवसांत मुलांना माणसे भेटतात, कागद हाती येतात. गट चार-चार मुलांचे करा. पाच जणांचा गट केला की एक जण हमखास नुसता बसून राहतो.

साहित्य असे: एकाच तारखेची दोन मराठी, एक कोकणी आणि एक इंग्रजी वर्तमानपत्रे, आणि असे तीन दिवसांचे संच, प्रत्येक गटाला हिरवी, निळी व लाल पेन्सिल, प्रत्येक गटाला एक शंभरपानी वही, बावीस बाय अठ्ठावीस इंचांचे दोन कार्डशीट, आणि इंटरनेट असलेला एक फोन, तोही शिक्षकाच्या हातात. वर्तमानपत्रे घरून आणायला सांगू नका. वेगवेगळ्या तारखांची रद्दी येते आणि तुलना करताच येत नाही. सकाळी स्टँडवरूनच घ्या. गोव्यातल्या शाळेला तीन भाषांतली ताजी वर्तमानपत्रे एकाच टपरीवर मिळतात, आणि वर्गातली बहुतेक मुले थोडीफार तिन्ही वाचू शकतात. एवढी सोय फार थोड्या ठिकाणच्या शिक्षकांना असते, ती पुरेपूर वापरावी.

पहिल्या दोन तासिका: तीन रंग

प्रत्येक गटाला पहिल्या पानावरची एक स्थानिक बातमी द्या. बातमीदाराने स्वतः पाहिले किंवा ऐकले असे जे वाक्य वाटेल ते हिरवे. नाव, पद असलेल्या माणसाने किंवा नेमक्या कागदाने सांगितलेले निळे. कोणी सांगितले ते बातमीवरून कळतच नाही, ते लाल.

पहिल्या दहा मिनिटांत मुले सगळी बातमी हिरवी करून टाकतात, कारण छापलेले ते पाहिलेले असेच त्यांना वाटते. तेव्हा थांबवा आणि एकच विचारा: अपघात रात्री दोन वाजता झाला, तेव्हा बातमीदार तिथे उभा होता का? मग रंग बदलू लागतात. पोलिसांनी सांगितलेले, शेजाऱ्याने पाहिलेले, पंचनाम्यात लिहिलेले असे वेगळे होत जाते.

मराठी बातमीत लाल रंग कुठे लपतो हे मुद्दाम दाखवावे लागते. ‘समजते’, ‘कळते’, ‘बोलले जात आहे’, ‘चर्चेला उधाण आले आहे’ ही क्रियापदे मुलांना लगेच सापडतात. अवघड जातो तो ‘करण्यात आले’ हा प्रयोग. ‘रस्ता खोदण्यात आला’, ‘निधी मंजूर करण्यात आला’, ‘झाडे तोडण्यात आली’ या तिन्ही वाक्यांत करणारा गायब आहे. गटाला अशी पाच वाक्ये शोधायला लावा आणि कर्ता घालून पुन्हा लिहायला सांगा. कर्ता बातमीत दुसरीकडे असेल तर वाक्य सहज होते. कुठेच नसेल तर तो बातमीदाराला विचारायचा प्रश्न झाला; तो वहीत उतरवून घ्या. ‘नागरिकांतून तीव्र नाराजी’ हेही असेच. किती नागरिक? त्यांतल्या एकाचे तरी नाव आहे का?

एक इशारा इथेच द्या, नाहीतर पुढे निस्तरणे कठीण होते. लाल म्हणजे खोटे नव्हे. कधी बातमीदाराला माहिती देणाऱ्याची नोकरी वाचवायची असते, म्हणून नाव गाळलेले असते. लालचा अर्थ इतकाच की त्या वाक्यावर विसंबायचे तर आणखी एक पुरावा हवा.

दुसऱ्या तासिकेच्या शेवटी जाहिराती घ्या. वाढदिवसाच्या पानभर शुभेच्छा, निविदा सूचना आणि बातमीसारखा मजकूर मांडून कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘जाहिरात’ छापलेली पाने, हे तीन प्रकार मुलांनी कात्रीने कापून वेगळे ठेवावेत. दहा मिनिटे पुरतात.

तिसरी तासिका: एक घटना, चार वर्तमानपत्रे

चारही वर्तमानपत्रांत आलेली एकच घटना निवडा. विधानसभेतला निर्णय, फेरीबोटीचे वेळापत्रक, एखाद्या पंचायतीची ग्रामसभा चालेल. राजकीय सभा टाळा. त्यात मुले घटनेवर न बोलता घरातले मत बोलू लागतात. फळ्यावर चार रकाने आखून प्रत्येकात पाचच गोष्टी लिहा: पहिले वाक्य, पहिला उद्धृत केलेला माणूस, आकडे, शेवटच्या परिच्छेदात काय आहे, आणि इतर तिघांकडे असून या एकाकडे नसलेली गोष्ट.

इथे बहुतेक वेळा सापडते ती सर्वांत मोलाची गोष्ट: दोन वर्तमानपत्रांत एक परिच्छेद शब्दशः सारखा. मुलांना वाटते, दोघांनी छापले म्हणजे दुजोरा मिळाला. प्रत्यक्षात दोघांनी एकच पत्रक वापरलेले असते; माहिती व प्रसिद्धी खात्याचे, एखाद्या संस्थेचे किंवा पक्षाचे. साक्षीदार एकच, छापखाने दोन. पत्रक वाईट असे सांगू नका. ते एका बाजूचे म्हणणे आहे आणि बातमीत तसे म्हटलेले असावे, एवढे मुलांच्या लक्षात आले की झाले. सारख्या वाक्यांखाली दुहेरी रेघ मारायला सांगा.

फरक दोन प्रकारचे निघतील. एका वर्तमानपत्राने आमदाराचे म्हणणे आधी घेतले, दुसऱ्याने गावकऱ्यांचे. हा निवडीचा फरक. एकात जखमी तीन आणि दुसऱ्यात पाच. हा विसंगतीचा फरक. दोन्ही एकाच टोपलीत टाकले तर तासिका संपताना वर्ग ‘सगळेच खोटे लिहितात’ या निष्कर्षावर येतो. हा निष्कर्ष भाबड्या विश्वासाइतकाच घातक आहे, कारण मग चांगल्या बातमीलाही किंमत उरत नाही. विसंगती सापडली की दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे काढा. बऱ्याचदा आकडा सुधारलेला असतो. पहिल्या रात्रीची माहिती कच्ची असते आणि पान ठरल्या वेळी छपाईला जावेच लागते. तीन दिवसांचे संच घ्यायचे ते यासाठीच.

गुन्ह्याच्या बातमीतले तीन शब्द याच तासिकेत स्पष्ट करून टाका. संशयित म्हणजे ज्याच्यावर पोलिसांचा संशय आहे तो. आरोपी म्हणजे ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप ठेवला आहे तो. दोषी कोण हे फक्त न्यायालय ठरवते. मुले सर्रास संशयिताला ‘चोर’ लिहितात.

चौथी तासिका: ‘उद्या शाळांना सुट्टी’

पावसाळ्यात हा संदेश प्रत्येक पालकाच्या फोनवर येऊन गेलेला असतो, म्हणून सरावाला यासारखे दुसरे उदाहरण नाही. शिक्षकाने तीन नमुने कागदावर छापून आणावेत. एक, नुसता मजकूर: ‘मुसळधार पावसामुळे उद्या सर्व शाळांना सुट्टी, शिक्षण खात्याचा आदेश.’ दोन, जुन्या परिपत्रकाचे छायाचित्र, वरचा तारखेचा भाग कापलेला. तीन, पूर्ण परिपत्रक, क्रमांक, तारीख, सही आणि हुद्द्यासह. प्रत्येक कागदावर आडवे मोठ्या अक्षरात ‘सराव’ लिहा आणि तासिका संपल्यावर कागद परत घ्या. हे नमुने फोनवरून कोणालाही पाठवू नका. सरावाचा संदेश शाळेबाहेर गेला तर तो अफवाच होतो.

मुलांनी कागदाला क्रमाने प्रश्न विचारायचे. ‘उद्या’ म्हणजे कोणत्या दिवसाच्या उद्या? संदेशात तारीख नसेल तर तो वर्षभर कधीही फिरू शकतो. आदेश कोणाचा आणि कोणासाठी: संपूर्ण राज्य, एक जिल्हा, की फक्त खालचे वर्ग? परिपत्रकाचा क्रमांक, तारीख आणि सही करणाऱ्याचा हुद्दा आहे का? मग कागद बाजूला ठेवून दुसरीकडे पाहायचे: पर्वरीच्या शिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावर ते आहे का, आपल्या मुख्याध्यापकांकडे आले आहे का? संदेश कितीही नीटनेटका दिसला तरी त्याच्याकडेच टक लावून खरेखोटे ठरत नाही. बोधचिन्ह कोणीही चिकटवतो. बाहेर जाऊन दुसऱ्या ठिकाणी पाहिले तरच निकाल लागतो, आणि दोन मिनिटांत लागतो.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या खुणाही दाखवा. एक बाण म्हणजे पुढे पाठवलेला संदेश. दुहेरी बाण म्हणजे मूळ पाठवणाऱ्यापासून पाच किंवा जास्त हात बदलून आलेला. दुहेरी बाण असला म्हणून संदेश खोटा ठरत नाही. पण ज्याने तो पाठवला त्यालाही मूळ माहीत नसणार, हे त्यावरून कळते.

याच तासिकेत हवामानाचे शब्द घ्या, कारण सुट्टीच्या अफवा त्यांच्यावरच पोसल्या जातात. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति जोरदार, आणि त्यापुढे अत्यंत जोरदार. हे २४ तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असे मोजतात. म्हणून ‘काल दिवसभरात’ असे लिहिलेला आकडा बऱ्याचदा काल सकाळपासून आज सकाळपर्यंतचा असतो. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. लाल इशारा आणि सुट्टी या दोन वेगळ्या गोष्टी. सुट्टीचा आदेश वेगळा निघावा लागतो.

पाचवी तासिका: छायाचित्रे आणि आकडे

पुराचे छायाचित्र घ्या. आधी फोन न वापरता पाहायला लावा: दुकानांच्या पाट्या कोणत्या लिपीत आहेत, गाड्यांच्या क्रमांकाची सुरुवात जीए आहे की केएल, केए, एमएच, बस कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी परिवहन महामंडळाची आहे का, छपरे कसली आहेत. निम्म्या वेळा पाटीवरची मल्याळम किंवा कन्नड अक्षरे सांगून जातात की हे गोवा नाही. मग गूगल लेन्स किंवा टिनआय वापरून उलटा शोध घ्या, म्हणजे चित्रच टाकून ते आधी कुठे आले आहे ते शोधा. पूर्ण चित्र टाकून काही सापडले नाही तर पूल, इमारत किंवा पाटी एवढाच भाग कापून पुन्हा शोधा. टिनआयमध्ये सर्वांत जुना निकाल वर आणायची सोय आहे, ती वापरा. छायाचित्र पहिल्यांदा कधी दिसले ते महत्त्वाचे. काहीच सापडले नाही म्हणजे छायाचित्र खरे, असा अर्थ होत नाही. निष्कर्ष ‘मूळ सापडले नाही’ असाच वहीत लिहायचा.

यंत्राने बनवलेली चित्रे आणि आवाज ओळखायला बोटे मोजणे, डोळ्यांची उघडझाप पाहणे अशा युक्त्या मुलांना आवडतात. त्यांवर वेळ घालवू नका. त्या वर्षभरात जुन्या होतात. ‘हे पहिल्यांदा कोणी, कुठे टाकले?’ हा प्रश्न जुना होत नाही.

आकड्यांसाठी तीन गणिते पुरेत. पहिले पावसाचे: गोव्यात पाऊस इंचांत मोजण्याची सवय आहे, आणि ‘पावसाची शंभरी’ ही बातमी होते. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणून शंभर इंच म्हणजे २५४० मिलिमीटर. इंच आणि मिलिमीटर एकाच बातमीत आले की मुलांनी गुणून पाहावे. दुसरे म्हादई नदीच्या पाणीवाटपाचे: तीन राज्यांच्या या तंट्यात लवादाने ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले. टीएमसी म्हणजे किती, हे वर्गात क्वचितच कोणाला सांगता येते. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सुमारे २८३१ कोटी. दहा हजार लिटरच्या टँकरने ते भरायचे तर अठ्ठावीस लाखांहून जास्त खेपा. हे गणित फळ्यावर केले की वर्तमानपत्रातला तोच आकडा मुलांना दिसू लागतो. तिसरे टक्केवारीचे: एका पंचायतीत गेल्या वर्षी दोन अपघात आणि यंदा चार झाले तर वाढ शंभर टक्के. गोव्यासारख्या लहान राज्यात आकडे लहान असतात, म्हणून नुसती टक्केवारी वारंवार फसवते. टक्क्यांशेजारी मूळ संख्या लिहिल्याशिवाय वहीत नोंद घेऊ नये.

सहावी तासिका आणि रविवार: विषय, माणसे, टिपण

विषय असा हवा की त्याचा निम्मा पुरावा मुले चालत जाऊन पाहू शकतील. नळाला पाणी किती वाजता येते. बसथांब्यावर लिहिलेल्या वेळेला कदंब येते का. फेरीबोट एका तासात किती खेपा करते. वाचनालय प्रत्यक्षात किती वेळ उघडे असते. ओला-सुका कचरा वेगळा उचलतात का. बंद पडलेले पथदिवे किती. हे विषय साधे वाटतात, पण त्यांत मोजणे, विचारणे आणि कागद पाहणे तिन्ही येते. अपघात, पोलीस प्रकरणे, भाटकार-मुंडकारांचे (जमीनमालक आणि त्याच्या जमिनीत घर करून राहणारे यांचे) तंटे, देवस्थान किंवा चर्चच्या समितीतले वाद यांना मुलांना हात लावू देऊ नका. हे विषय महत्त्वाचे आहेतच, पण त्यांचा परिणाम मुलाच्या घरापर्यंत पोहोचतो आणि शाळा त्याला तिथे सावरू शकत नाही.

ग्रामसभा हा फार चांगला सराव आहे, आणि गोव्यात १९१ ग्रामपंचायती असल्याने तो कोणत्याही शाळेच्या आवाक्यात येतो. सभा बहुधा रविवारी असते. सभेत बोलण्याचा हक्क गावच्या मतदारांचा. मुले निरीक्षक म्हणून बसणार. आठवडाभर आधी सरपंच किंवा पंचायत सचिवांना शाळेचे पत्र द्या, पालकांची लेखी संमती घ्या, सोबत दोन मोठी माणसे ठेवा. मुले हमखास एक चूक करतात: जो मोठ्याने बोलला त्याची बातमी करतात आणि शेवटी कोणता ठराव झाला ते टिपतच नाहीत. म्हणून गटातल्या एकाने फक्त ठराव टिपायचे, बाकी काही नाही.

मुलाखतीचा सराव वर्गात जोडीजोडीने करा. ‘पाणी वेळेवर येत नाही ना?’ या प्रश्नाला सगळे ‘नाही’ म्हणतात. ‘गेल्या आठवड्यात पाणी कोणकोणत्या दिवशी, किती वाजता आले?’ याला उत्तर द्यायला माणसाला आठवावे लागते. सुरुवात ठरलेली असावी: मी अमुक शाळेचा, अमुक वर्गातला, हे शाळेच्या भित्तिपत्रकात लागणार आहे, तुमचे नाव लिहिले तर चालेल का? ‘चालेल’ म्हटल्यावरच वही उघडायची. नाव आणि आडनाव त्या माणसाकडूनच वहीत लिहून घ्यायचे.

आपल्याकडे लोक कोकणीत बोलतात आणि बातमी मराठीत लिहायची असते. इथे सर्वांत जास्त चुका होतात. ‘आमकां तीन दीस उदक येना’ असे आजीने सांगितले तर वहीत जसेच्या तसे कोकणीत लिहा. मराठीत आणताना ‘आम्हाला तीन दिवस पाणी येत नाही’ इतकेच. ‘तीन दिवस पाण्यासाठी वणवण करावी लागली’ हे तिने सांगितलेले नाही, म्हणून ते अवतरणात येऊ शकत नाही. अवतरणचिन्हात बोललेले शब्द किंवा त्यांचा सरळ अनुवाद. बाकी सगळे अवतरणाबाहेर, ‘असे त्यांनी सांगितले’ जोडून. तारखांचेही तसेच. कोकणीतले ‘फाल्यां’ मराठीत ‘उद्या’ होते, आणि मराठीतले ‘परवा’ तर मागेही जाते आणि पुढेही. टिपणात वार आणि तारीख दोन्ही लिहा.

अधिकाऱ्याकडून उत्तर मिळायला वेळ लागतो, आणि अनेक कर्मचाऱ्यांना वरिष्ठांच्या परवानगीशिवाय बोलता येत नाही. त्यात त्यांचा अपमान शोधू नये. तीन प्रश्न लेखी द्या, पोच घ्या, चार दिवस थांबा. उत्तर आले नाही तर बातमीत लिहायचे: ‘पाणीपुरवठा कार्यालयाला अमुक तारखेला प्रश्न दिले, बातमी लावेपर्यंत उत्तर आले नाही.’ माहिती अधिकाराच्या अर्जाला २००५ च्या कायद्याने तीस दिवसांची मुदत आहे. कागद हवाच असेल तर शिक्षकाने पहिल्या आठवड्यातच अर्ज करावा, म्हणजे दहाव्या तासिकेच्या आत उत्तर हाती पडू शकते.

अठरा वर्षांखालच्या मुलाचे नाव किंवा चेहरा पालकांच्या संमतीशिवाय नको. गुन्ह्याशी संबंध आलेल्या मुलाची ओळख, मग ते मूल पीडित असो, साक्षीदार असो की संशयित, उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे. शाळेचे नाव किंवा घराचा पत्ता दिला तरी ओळख उघड होते. हा नियम भित्तिपत्रकालाही पाळायचा.

सातवी तासिका: लिहिणे

मुले निबंध लिहितात. पहिला मसुदा बहुधा असा येतो: ‘पाणी हे जीवन आहे. आपल्या गावात गेल्या काही दिवसांपासून पाण्याची भीषण टंचाई असून नागरिकांतून तीव्र संताप व्यक्त होत आहे. संबंधितांनी याकडे लक्ष द्यावे.’ यात एकही गोष्ट तपासता येत नाही. काही दिवस म्हणजे किती, भीषण कोणी ठरवले, संबंधित कोण? आता सरावासाठी रचलेला हा दुसरा मसुदा फळ्यावर लिहा:

‘वरच्या वाड्यावरील १८ पैकी ११ घरांत सोमवार ते गुरुवार नळाला पाणी आले नाही, असे त्या घरांतील लोकांनी विद्यार्थ्यांना सांगितले. उरलेल्या सात घरांत पहाटे चार ते पाच या वेळेत पाणी आले. जलवाहिनीची झडप बदलण्याचे काम सुरू असल्याने दाब कमी होता, असे पाणीपुरवठा कार्यालयाने लेखी उत्तरात कळवले. काम शनिवारी पूर्ण होईल, असेही उत्तरात म्हटले आहे. विद्यार्थ्यांनी रविवारी सकाळी पाहिले तेव्हा १८ पैकी १६ घरांत पाणी येत होते.’

संताप कुठेच लिहिलेला नाही, तरी वाचणाऱ्याला चार कोरडे दिवस दिसतात. सर्वांत महत्त्वाचे आधी, तपशील मागून. खालचा परिच्छेद कापला तरी बातमी उभी राहिली पाहिजे. मर्यादा दीडशे शब्दांची. विशेषणे खोडायला लावा, प्रत्येक परिच्छेदात जास्तीत जास्त एक ठेवू द्या. मत मांडायची इच्छा मुलांत असते आणि ती दाबू नये. त्यासाठी भित्तिपत्रकात ‘आमचे म्हणणे’ असा वेगळा रकाना ठेवा, लिहिणाऱ्याच्या नावासह.

आठवी तासिका: पुरावा वही

सगळ्या क्रमातली ही तासिका सोडू नका, वेळ कमी पडला तर दुसरी कोणतीही सोडा. बातमीतल्या प्रत्येक वाक्याला क्रमांक द्यायचा. वहीच्या समोरच्या पानावर त्या क्रमांकासमोर तीन गोष्टी: कोणी सांगितले किंवा कोणी पाहिले, कधी, आणि टिपण कोणत्या पानावर आहे. ज्या वाक्यासमोर काही लिहिता येत नाही ते वाक्य बातमीतून जाते. मुलांना आवडलेले वाक्यच अनेकदा जाते, तेव्हा वर्गात कुरकुर होते. ती होऊ द्या, वाक्य परत घेऊ नका.

मग वह्या दुसऱ्या गटाला द्या. तपासणाऱ्या गटाने नावे, आकडे आणि वार-तारखा या तीनच गोष्टी पाहायच्या. ११ अधिक ७ बरोबर १८ होतात का? त्या तारखेला खरेच सोमवार होता का? नावे तर फार घोटाळा करतात. आडनाव एकदा फर्नांडिस, एकदा फर्नांडिश असे येते. त्या माणसाने वहीत जसे लिहिले तसेच हवे. रोमन पाटीवरून गावाचे नाव उतरवताना शेवटचा ‘एम’ वाचून मुले ‘केपेम’, ‘सांगेम’ लिहितात. मराठीत केपे, सांगे. पोर्तुगीज लेखनात ती अनुनासिकाची खूण होती, मकार नव्हता, हेही त्या निमित्ताने सांगून टाका.

नववी आणि दहावी तासिका: मथळा, मांडणी, दुरुस्ती

मथळा सहा-आठ शब्दांचा, क्रियापदासह. मथळ्यातली प्रत्येक गोष्ट बातमीत असली पाहिजे. ‘वाड्यावर पाण्याचा हाहाकार!’ हे बातमीत कुठे आहे? नाही, म्हणून गेले. ‘वरच्या वाड्यावरील ११ घरे चार दिवस पाण्याविना’ हे राहिले. प्रश्नचिन्हाचा मथळा देऊ नये. उत्तर माहीत नसेल तर बातमी अजून तयार नाही. छायाचित्राखाली कोण, कुठे, कधी आणि कोणी काढले हे लिहा. जुने असेल तर ‘संग्रहित’ हा शब्द हवा.

कार्डशीट आडवा धरून तीन स्तंभ करा. प्रत्येक बातमी वेगळ्या कागदावर लिहून वरच्या दोन कोपऱ्यांना टाचणीने लावा. गोंदाने चिकटवली तर दुरुस्ती करताना सगळा कार्डशीट फाटतो. उजव्या स्तंभात खाली ‘दुरुस्ती’ची चौकट पहिल्या अंकापासून रिकामी ठेवा. पाचवीतल्या मुलाला मान वर न करता वाचता येईल इतक्या उंचीवर लावा.

पहिला अंक ६ जानेवारीला लावता आला तर उत्तम. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ सुरू केले त्याचा हा दिवस. ‘दर्पण’मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी दोन स्तंभांत असे, आणि जांभेकरांचे पोंभुर्ले आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गातले. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यातच आला, आणि १८२१ मध्ये इथे निघालेले पहिले वर्तमानपत्र सरकारी गॅझेट होते. सरकारचे म्हणणे छापणे आणि सरकारला प्रश्न विचारून छापणे यांतला फरक समजावायला हे उदाहरण हाताशी आहे.

गुण पन्नास धरा: पुरावा वहीला २०, बातमीला १०, दुसऱ्याची बातमी तपासण्याला १०, मुलाखतीच्या टिपणाला ५, दुरुस्तीला ५. चूक निघाली म्हणून गुण कापू नका. माहीत असून लपवली तर कापा. दुरुस्तीत काय छापले होते आणि बरोबर काय, दोन्ही लिहायचे, मूळ बातमीच्याच अक्षरांएवढ्या अक्षरांत. मूळ कागद गुपचूप बदलून लावायला परवानगी नाही. अंक लागल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत कोणीतरी पालक, पंच (पंचायत सदस्य) किंवा शेजारी येऊन ‘हे असे नाही’ म्हणतोच. मग मुलांनी त्याच्याशी वाद घालायचा नाही आणि लगेच माघारही घ्यायची नाही. वही काढायची, त्या वाक्याचा क्रमांक शोधायचा आणि टिपण दाखवायचे. त्यासाठी सगळ्या पुरावा वह्या वर्ष संपेपर्यंत शाळेच्या कपाटात, गटाचे नाव आणि तारखा लिहून ठेवाव्यात.